इटलीतील पाच आडगावे

इटलीचे नाव काढले की आपल्याकडील प्रवासी मंडळींच्या डोळ्यांसमोर चार-पाच ठरलेली चित्रे उभी राहतात : रोमचे कलोसियम, पिसाचा कललेला मनोरा, फ्लॉरेन्समधील मायकेलअँजेलोचा डेव्हिड आणि व्हेनिसच्या कालव्यांतील गोंडोला. ही स्थळे थोर आहेत यात शंका नाही. परंतु तेथे आता इतकी दाटी असते की पाहणे बाजूला राहून रांगेत उभे राहणे हाच प्रवासाचा मुख्य भाग होऊन बसतो. व्हेनिस शहराने तर २०२४ सालच्या एप्रिलपासून, गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. पाहुण्यांच्या ओझ्याने यजमान वाकला की दुसरे काय होणार?

याच देशात सुमारे ७,९०० स्थानिक नगरपालिका आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के पाच हजारांहूनही कमी वस्तीच्या आहेत. डोंगरमाथ्यावर घट्ट बिलगून बसलेली दगडी घरे, मध्ये एक चौक, चौकात चर्च, चर्चसमोर एक कॉफीचे दुकान आणि त्याच्या बाकावर बसलेली चार वृद्ध माणसे, असे यांतील बहुतेक गावांचे रूप असते. पर्यटकांच्या बसगाड्या तेथे सहसा जात नाहीत.

आम्हा उभयतांना तीन वेळा इटलीला जाण्याचा योग आला. पहिल्या खेपेस शिरस्त्याप्रमाणे मोठी शहरे पाहिली. पुढील दोन्ही खेपांस मात्र मी एक निराळीच यादी करून निघालो. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत, नियतकालिकांत किंवा वैद्यकाच्या इतिहासात ज्यांची नावे भेटली होती, अशी गावे पाहावयाची, असे ठरविले. "ताजमहाल सोडून एखाद्या खेड्यातला दवाखाना पाहण्यातला प्रकार," असे सौ.चे म्हणणे पडले. परंतु परतताना तिचेच मत पूर्णपणे पालटले होते. त्या पाच गावांची ही हकीगत.

प्रेची : शल्यविशारदांचे गाव

मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात, नोर्चा या नगराजवळच्या डोंगरांत प्रेची नावाचे लहानसे गाव आहे. वस्ती हजाराच्याही आत. रोमहून स्पोलेतोपर्यंत आगगाडी आणि तेथून पुढे वळणावळणाचा डोंगरी रस्ता. एकेकाळी युरोपातील राजेरजवाडे शल्यवैद्यासाठी या आडगावी निरोप पाठवीत असत, हे तेथे उभे राहूनही खरे वाटत नाही.

प्रेचीजवळ सेंट युटिझिओ यांचा प्राचीन मठ आहे. तेथील संन्यासी औषधोपचार जाणत होते. परंतु १२१५ सालच्या लॅटरन धर्मसभेने धर्मगुरूंना रक्तपात होईल अशी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली, तेव्हा मठातील ही विद्या आसपासच्या गावकऱ्यांच्या हाती आली. हे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळणारे व त्यांचे मांस टिकविणारे. इटालियन भाषेत डुकराच्या मांसाचा व्यवसाय करणाऱ्यास आजही 'नोर्चिनो', म्हणजे नोर्चाकडचा, असे म्हणतात. सुरी कोठे आणि किती खोल चालवावी हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. मठातील ग्रंथविद्या आणि खाटकाचे हस्तकौशल्य यांच्या संगमातून प्रेचीची शल्यपरंपरा जन्मास आली. सुमारे तीस घराण्यांत ती बापाकडून मुलाकडे अशी अठराव्या शतकापर्यंत चालत राहिली.

मूतखडा काढणे, अंतर्गळ आणि मोतिबिंदू ही त्यांची खास क्षेत्रे. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी हिच्या डोळ्यांवर प्रेचीच्या स्काक्की घराण्यातील वैद्याने उपचार केले, असे परंपरा सांगते. त्याच घराण्यातील दुरांते स्काक्की याने १५९६ साली शल्यविद्येवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, हे मात्र इतिहासात नोंदलेले आहे. अश्मरी काढण्याची आणि मोतिबिंदू सुईने बाजूस सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वाचलेल्या आपल्यासारख्यांना या घराण्यांविषयी सहजच आपलेपणा वाटतो. भाषा निराळी, काळ निराळा. पण हाताची विद्या हातानेच दिली पाहिजे, हे तत्त्व एकच.

३० ऑक्टोबर २०१६ रोजी ६.५ क्षमतेच्या भूकंपाने हा सारा परिसर हादरला. सेंट युटिझिओ मठाचे फार मोठे नुकसान झाले, दर्शनी भागातील दगडी गुलाबाकृती खिडकीही कोसळली. आम्ही गेलो तेव्हा गल्ल्यांतून भिंतींना लाकडी टेकू दिलेले दिसत होते आणि कित्येक दारांना कुलपे होती. भूकंपानंतर उभारलेल्या तात्पुरत्या घरांच्या ओळीसमोर एक आजी कुंड्यांतील तुळशीला पाणी घालीत होत्या. ती तुळस त्यांच्या स्वयंपाकातली, आपली देव्हाऱ्यासमोरची. तरीही सौ. तेथे थबकली आणि दोघींचे, एकमेकींची भाषा न जाणता, दहा मिनिटे बोलणे झाले.

शाकाहारी वाचकांना एक सुवार्ता : नोर्चावरच्या कास्तेल्लुच्चो पठारावर पिकणारी बारीक मसूर इतकी पातळ सालीची असते की भिजत घालण्याचीही गरज पडत नाही. डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या मुलुखात आमची उपासमार त्या मसुरीनेच टाळली.

लिमोने : रक्तातील एका अक्षराचे गाव

उंब्रियातून उत्तरेस, गार्दा सरोवराच्या पश्चिम काठावर लिमोने सुल गार्दा हे गाव आहे. वस्ती हजार-बाराशे. हे गाव उन्हाळ्यात अगदी एकांताचे राहिलेले नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. जर्मन प्रवाशांनी ते केव्हाच शोधून काढले आहे. परंतु हंगाम सरल्यावर तेथे जावे. मागे सरळसोट कडा, पुढे निळेशार पाणी आणि मध्ये चिंचोळ्या पट्टीवर उभे असलेले उंच दगडी खांब! हे खांब एखाद्या उद्ध्वस्त मंदिराचे वाटतात, पण ती लिंबाची घरे आहेत. हिवाळ्यात या खांबांवर लाकडी तुळया व काचेची तावदाने बसवून शतकानुशतके येथे लिंबे पिकविली गेली. १९३० च्या दशकाच्या आरंभी सरोवराकाठचा रस्ता होईपर्यंत येथे यावयाचे ते नावेने किंवा डोंगर उतरून. त्यामुळे लग्नसंबंधही बहुधा गावातल्या गावातच होत.

१९७० च्या दशकात मिलान विद्यापीठातील डॉ. चेझारे सिर्तोरी आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे एक रेल्वे कर्मचारी रुग्ण म्हणून आला. ट्रायग्लिसराइड भरपूर वाढलेले, चांगले कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल अतिशय कमी; आणि तरीही रोहिण्या स्वच्छ! आपल्यापैकी कोणीही असा अहवाल पाहून कपाळाला आठ्या घातल्या असत्या. शोध घेता त्याच्या ॲपोलिपोप्रोटीन ए-१ या प्रथिनात एकच बदल आढळला. १७३ व्या जागी आर्जिनीनऐवजी सिस्टीन! हा बदल 'ए-१ मिलानो' या नावाने प्रसिद्ध झाला. परंतु तो गृहस्थ मूळचा लिमोनेचा. संशोधक गावात आले, गावकऱ्यांनी आनंदाने रक्त दिले, आणि चाळीसएक लोकांत हेच प्रथिन सापडले. चर्चमधील जन्म-विवाहाच्या नोंदी तपासता सर्वांची मुळे अठराव्या शतकातील एकाच दांपत्यापाशी जाऊन पोहोचली. आपल्याकडील नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची आठवण यावी, असाच हा प्रकार!

पुढील कथा डॉक्टरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. या प्रथिनापासून बनविलेले औषध २००३ साली अवघ्या ४७ रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. पाच आठवड्यांत रोहिण्यांमधील मेदाचे थर किंचित घटल्याचे दिसले आणि जगभर मोठा गाजावाजा झाला. पुढे २०१६ साली अधिक काटेकोर चाचणीत सुधारित औषधाचा उपयोग दिसून आला नाही व तो प्रयत्न सोडून देण्यात आला. निसर्गाने एका गावाला जन्मभरासाठी दिलेले दान बाटलीत भरून पाच आठवड्यांत दुसऱ्याला देता येईलच, असे नाही. लिंबाच्या त्या ओसाड खांबांखाली बसून मला हे फार प्रकर्षाने जाणवले.

पिओप्पी : आहार की आहारविहार?

नेपल्सहून दक्षिणेस जाणारी आगगाडी सालेर्नो ओलांडून चिलेंतो या डोंगराळ किनारपट्टीत शिरते. आमाल्फीचा जगप्रसिद्ध किनारा मागे पडलेला असतो आणि त्याबरोबर प्रवाशांची गर्दीही. येथे पोल्लिका नगरपालिकेच्या हद्दीत पिओप्पी ही अगदी छोटी वस्ती आहे. गोट्यांचा समुद्रकिनारा, चार होड्या, मागे ऑलिव्हची राने.

१९५१ साली रोममधील एका परिषदेत अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांना एका इटालियन प्राध्यापकांनी सांगितले की नेपल्समध्ये हृदयविकाराचा प्रश्नच नाही. कीज यांनी पुढच्याच वर्षी येऊन स्वतः तपासणी आरंभिली. तेथून १९५८ सालच्या 'सात देशांच्या अभ्यासा'ची पायवाट तयार झाली. त्या अभ्यासाच्या पूर्वतयारीसाठी १९५७ साली कॅलाब्रियातील निकोतेरा हे गाव निवडले गेले. पुढे मोंतेजोर्जो आणि क्रेवाल्कोरे या इटालियन गावांतील पुरुष वर्षानुवर्षे तपासले गेले. कीज यांनी पिओप्पीला घर बांधले, मिनिआपोलिस आणि जवळचे प्राचीन एलेआ यांची नावे जोडून त्याला 'मिनेलेआ' म्हटले, आणि अनेक दशके तेथे राहून, बागकाम करून, २००४ साली वयाच्या शंभराव्या वर्षी अमेरिकेत देह ठेवला. त्यांचे सहकारी जेरेमाया स्टॅम्लर यांचेही येथे घर होते. ते २०२२ साली १०२ व्या वर्षी गेले.

कीज यांच्या देशनिवडीवर आणि निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती आपण जाणतोच. तरीही पिओप्पीच्या ताटात काय असते ते पाहावे. आम्हाला तेथे जेवायला मिळाले ते 'लगाने ए चेची', म्हणजे हाताने लाटून कापलेल्या रुंद पट्ट्या, काबुली चण्यांबरोबर शिजवून वर कच्चे ऑलिव्ह तेल. सौ. पहिल्या घासालाच म्हणाली, "अहो, या तर आपल्या चकोल्या!" तूरडाळीऐवजी चणे आणि तुपाऐवजी तेल, एवढाच काय तो फरक. पालेभाजी, कडधान्य, जाडेभरडे पाव, सुकविलेली पांढरी अंजिरे, अधूनमधून मासळी. गरिबीचे जेवण, पुढे जगाने त्याला शास्त्राचे नाव दिले.

२०१० सालच्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहारपद्धती मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून स्वीकारली, तेव्हा इटलीचा प्रातिनिधिक समाज म्हणून चिलेंतोची निवड झाली होती. त्यासाठी झटणारे पोल्लिकाचे नगराध्यक्ष आंजेलो वास्साल्लो यांना तो दिवस पाहावयास मिळाला नाही. मासेमारीच्या व्यवसायातून आलेल्या आणि किनाऱ्याचे रक्षण करणाऱ्या या माणसाची त्याच वर्षी ५ सप्टेंबरच्या रात्री गोळ्या घालून हत्या झाली. पिओप्पीतील विन्चिप्रोवा वाड्यात या आहारपद्धतीचे संग्रहालय आहे.

'डाएट' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ जगण्याची रीत. म्हणजे आपला 'आहारविहार'! जवळच वेलिया, म्हणजे प्राचीन एलेआ, येथील उत्खननात ग्रीक वैद्यांची नावे कोरलेले शिलालेख सापडले आणि परमेनिडिस या तत्त्वज्ञाचे नावही त्याच परंपरेशी जोडलेले आढळले. आपण मात्र त्या शब्दातील 'विहार' गाळला आणि उरलेल्या आहाराचा तक्ता छापून रुग्णाच्या हाती दिला.

अलियानो : क्विनीन आणि कुंचला

पुढचे गाव गाठण्यास मोटारच हवी. बासिलिकाता प्रांतात, मातेरापासून दूर, पांढऱ्या चिकणमातीच्या चिरफळलेल्या टेकड्यांमध्ये अलियानो उभे आहे. पावसाने कुरतडलेल्या या कड्यांना 'कालान्की' म्हणतात. संध्याकाळच्या उन्हात ते हाडांसारखे दिसतात.

कार्लो लेव्ही हा तुरीनचा तरुण १९२४ साली वैद्यकाची पदवी घेऊनही चित्रकलेकडे वळला. मुसोलिनीच्या राजवटीला विरोध केल्यामुळे १९३५ साली त्यास या मुलुखात स्थानबद्ध करण्यात आले. प्रथम ग्रास्सानो, नंतर अलियानो. डॉक्टर आला आहे, हे कळताच शेतकरी त्याच्या दारी येऊ लागले. घरोघर मलेरिया होता. त्याने कधी धंदा केला नव्हता, हाताशी साधने नव्हती, आणि पुढे सरकारने त्यास उपचार करण्याची बंदीही घातली. १९३६ साली सुटका झाली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्त एबोलीला थांबला' या पुस्तकाने हे विस्मृत गाव जगाच्या नकाशावर आणले. एबोली हे अलीकडचे स्थानक. त्यापलीकडे देवही आला नाही, मग सरकार कोठून येणार, असा त्या नावाचा भाव. लेव्ही १९७५ साली वारला आणि त्याच्या इच्छेनुसार अलियानोच्याच दफनभूमीत विसावला. ज्या गावी कैदी म्हणून आणले गेले, तेथेच कायमचे राहण्याची इच्छा धरणारा माणूस विरळा.

त्या साध्या थडग्यापाशी उभे असताना मला माझे हैदराबाद आठवले, आणि ते अकारण नव्हे. सिकंदराबादेत बेगमपेठेच्या त्या जुन्या इमारतीजवळून मी किती वेळा गेलो असेन! तेथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी पाहिले. पुढच्याच वर्षी रोममध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मलेरियाचे वाहक ॲनॉफिलीस डास असल्याचे दाखविले. १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉसना मिळाले आणि श्रेयाचा वाद दोघांच्या अखेरपर्यंत धुमसत राहिला. वादात कोण जिंकले हे अलियानोच्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. १९०० साली इटलीने कायदा करून तंबाखूच्या दुकानांतूनसुद्धा सरकारी क्विनीन विकण्याची सोय केली. तरी शोध लागून चार दशके होत आली तेव्हाही येथील माणसे तापाने फणफणत होती. जागतिक आरोग्य संघटनेने इटली मलेरियामुक्त झाल्याचे १९७० साली मान्य केले. शोध प्रयोगशाळेत एका दिवशी लागतो; गावापर्यंत पोहोचण्यास त्याला सत्तर वर्षे लागतात.

आज अलियानोत हजारही माणसे उरलेली नाहीत. लेव्ही ज्या घरात राहिला ते पाहता येते. त्याच्या गच्चीवरून तोच देखावा दिसतो, जो त्याने रंगविला. माणसे मात्र मिलान, तुरीन, जर्मनी आणि अर्जेंटिनाकडे गेलेली.

रोसेतो : शेजाराचे औषध

शेवटचे गाव म्हणजे पुलिया प्रांतात फोज्जाच्या पश्चिमेस असलेल्या डोंगरांतील रोसेतो वाल्फोर्तोरे. १८८२ सालापासून येथील माणसे अमेरिकेतील पेन्सिल्वेनियात पाटीच्या दगडाच्या खाणींवर कामास जाऊ लागली. इतकी गेली की तेथे त्यांनी आपल्या गावाच्या नावाचे दुसरे रोसेतोच वसविले.

१९६० च्या दशकात स्टुअर्ट वुल्फ या वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या अमेरिकन रोसेतोचा अभ्यास केला. तेथे हृदयविकाराने होणारे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने सुमारे निम्मे होते. कारण काय असावे? पाणी तेच, दवाखाना तोच. ऑलिव्ह तेल महाग म्हणून ही मंडळी डुकराच्या चरबीत तळत, धूम्रपान करीत, अंगाने स्थूल होती. पिओप्पीचा सारा तक्ता येथे उलटा! संशोधकांच्या ध्यानात आले ते एवढेच की, तीन पिढ्या एका छपराखाली जेवत होत्या, वृद्धांचा शब्द चालत होता, श्रीमंत माणूस श्रीमंती मिरवीत नव्हता आणि संकटात कोणी एकटा पडत नव्हता. हे दिवस पालटतील तसे हे संरक्षणही ओसरेल, असे त्यांनी तेव्हाच म्हटले होते. झालेही तसेच. कुंपणाची स्वतंत्र घरे आली, मुले दूर गेली, आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पन्नास वर्षांच्या आढाव्यात रोसेतो आणि शेजारचे बँगोर यांच्यातील अंतर पुसले गेल्याचे दिसले. गाव लहान, आकडे थोडे. म्हणून या अभ्यासाकडे सावधपणेच पाहावे लागते. पण त्यातला प्रश्न काही पुसला जात नाही.

म्हणून मला मूळचे रोसेतो पाहावयाचे होते. तेथेही आता हजारएक माणसे. भोवतालच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत असतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास सारे गाव चौकात येऊन शतपावली करू लागले. पुरुष हात पाठीमागे बांधून, बायका एकमेकींच्या दंडात हात घालून. या फेरीला 'पास्सेज्जाता' म्हणतात. चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास दोन मिनिटे पुरावीत; त्यांना अर्धा तास लागत होता, कारण प्रत्येक जण प्रत्येकापाशी थांबत होता. एका वृद्ध गृहस्थांनी मोडक्या इंग्रजीत आमची चौकशी केली. त्यांचे बंधू पेन्सिल्वेनियात, मुलगा बोलोन्यात. "येथे हवा चांगली आहे, पाणी चांगले आहे, माणसेही चांगली आहेत," ते म्हणाले, "फक्त मुले नाहीत." त्या शतपावलीत मला पंचविशीच्या आतली चार-दोन माणसे मोजता आली.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. आगगाडी मोठ्या स्थानकापर्यंत नेते. पुढची बस बहुधा शाळेच्या वेळेनुसार धावते आणि रविवारी नसतेच, म्हणून मोटार भाड्याने घेणे सोयीचे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना येथूनच काढून न्यावा. जुन्या गावठाणात बाहेरच्या वाहनांना मज्जाव असतो व कॅमेरे दंडाची चिठ्ठी घरी पाठवितात. गाडी वेशीबाहेर ठेवून पायी जावे. दुपारी एक ते चार सारी दुकाने बंद. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधांचे दुकान, आणि आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक. आपली नेहमीची औषधे मूळ नावासह जवळ बाळगावीत. शाकाहारी मंडळींनी चरबी वापरली आहे काय, हे पावाबाबतही विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावात शिरताना 'ब्वोन जोर्नो' म्हणण्यास विसरू नये. मोठ्या शहरात तो शिष्टाचार असतो, लहान गावात तो प्रवेशपरवाना असतो.

आपला वाटा

इटलीत पूर्वी प्रत्येक लहान गावास नगरपालिकेच्या वेतनावरचा एक वैद्य असे. बाळंतपणापासून अंत्यसमयापर्यंत त्यास सारे गाव नावानिशी ठाऊक असे. १९७८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा आली. उपचार सर्वांना मिळू लागले, ही फार मोठी गोष्ट झाली. आता मात्र आडगावी जाण्यास डॉक्टर मिळत नाहीत. २०२२ साली कॅलाब्रिया प्रांताने तर क्युबाशी करार करून तेथून डॉक्टर बोलाविले. ज्या कॅलाब्रियात निकोतेरा आहे, त्याच कॅलाब्रियाने! काही गावांनी एका युरोस घर विकावयास काढले आहे. भिंती अशा स्वस्तात मिळतात. शेजार मिळत नाही.

आपण हैदराबादची मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या येथे आहोत. काचीगुडा, सुलतान बाजार भागांतील वाड्यांत आपलेही एक रोसेतो होते. कोणाच्या घरी ताप आला तर तीन घरांतून पेज येत असे. आज मुले अमेरिकेत, पुण्यात, बंगळूरात. आईवडील सातव्या मजल्यावर. हे कोणाच्या दोषामुळे झालेले नाही. रोसेतोची मुलेसुद्धा पोटासाठीच गेली. परंतु त्याचे मोल हृदयाला मोजावे लागत असेल, तर ते पाहणे आपल्या व्यवसायाचे काम आहे.

म्हणून परत आल्यापासून रुग्णाचे वृत्त लिहिताना मी दोन प्रश्न वाढविले आहेत : 'घरी कोण असते?' आणि 'जेवताना सोबत कोण असते?' बाकीचे प्रश्न आपण सारे विचारतोच. हे दोन विचारल्यावर मात्र काही रुग्ण एकदम गप्प होतात. पंचाहत्तरीच्या एक आजी बराच वेळ थांबून म्हणाल्या, "बातम्या." त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या, त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या एक बाई माझ्याकडे येत असतात, त्यांचेही उत्तर काहीसे असेच होते. दोघींच्या संमतीने मी त्यांची गाठ घालून दिली. आता संध्याकाळी दोघी मिळून देवळापर्यंत फेरी मारून येतात आणि शनिवारी एकमेकींकडे जेवतात. त्यांच्या रक्तदाबात काय फरक पडला, ते दोन उदाहरणांवरून सांगणे शास्त्रास धरून होणार नाही. एवढे मात्र सांगू शकतो, की परवा त्या दोघी तपासणीला एकत्र आल्या आणि माझ्या बाहेरच्या खोलीत आपला क्रमांक पुकारलेला त्यांना ऐकू आला नाही. त्या बोलत होत्या.